योगी, साधक आणि शिक्षक : महाराष्ट्रातील योगशिक्षकाच्या घडणीचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

सोलापूर शहरात दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांची यात्रा भरते. या यात्रेतील अक्षता-सोहळा प्रसिद्ध आहे. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा प्रकट केली. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या त्या शिवयोग्याने तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. त्या योगदंडाचे प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. ते पेलण्याचा सराव मानकरी आणि भक्त यात्रेच्या पुष्कळ आधीपासून करीत असतात. लोकस्मृतीत योगी म्हणजे काय, याचे चित्र या सोहळ्यात जतन झाले आहे. योगी हा संसारापासून अलिप्त, दंडधारी, गावाच्या कल्याणासाठी झटणारा आणि अखेर समाधिस्थ झालेला पुरुष होय.

त्याच शहरात आज, महाराष्ट्रातील इतर शहरांप्रमाणेच, प्रभातकाळी योगवर्ग चालतात. तेथे शिकविणारी व्यक्ती बहुधा गृहस्थाश्रमी असते. तिच्यापाशी एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र असते. ती नेमलेल्या वेळी, नेमलेल्या अभ्यासक्रमानुसार, जातपात व संप्रदाय न विचारता शिकविते. तिला कोणी योगी म्हणत नाही. ‘योगशिक्षक’ अथवा ‘योगशिक्षिका’ म्हणतात. ही संज्ञा आज इतकी रूढ झाली आहे की, तिचे नावीन्य सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः योगी ही संस्था अतिप्राचीन असली, तरी योगशिक्षक ही संस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आली, आणि तिच्या जडणघडणीत महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे.

या घडणीचा विचार करताना दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला अधिकाराचा : गुरूने दिलेला अनुग्रह हा ज्या विद्येचा आधार होता, ती विद्या वर्गात शिकविण्याचा अधिकार शिक्षकाला कोठून प्राप्त झाला? दुसरा प्रश्न साधनेचा : विद्या सार्वजनिक झाल्यावर शिकविणाऱ्याच्या स्वतःच्या आंतरिक विकासाचे काय झाले? आधुनिक योगाच्या अभ्यासकांनी पहिल्या प्रश्नाकडे बरेच लक्ष दिले आहे; दुसऱ्याकडे त्या मानाने थोडे. प्रस्तुत निबंधाचा हेतू हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहण्याचा आहे.

२. सोन्नलिगेचा शिवयोगी

बाराव्या शतकात, कल्याणच्या कलचुरी बिज्जलाच्या काळात, सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर येथे सिद्धराम होऊन गेले. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा साक्षात्कार, गावी परतल्यावर केलेली मंदिराची उभारणी, अडुसष्ट लिंगांची प्रतिष्ठापना आणि लोकांच्या श्रमातून खोदलेला विस्तीर्ण तलाव ही त्यांच्या चरित्राची ठळक अंगे परंपरेने सांगितली आहेत. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने त्यांनी कन्नडमध्ये रचलेली वचने वचनसाहित्यात मान्यता पावलेली आहेत.

त्यांच्या चरित्राची दोन वाङ्मयीन रूपे येथे महत्त्वाची आहेत. तेराव्या शतकातील कवी राघवांक याच्या ‘सिद्धरामचरित्र’ या कन्नड काव्यात सिद्धराम आरंभापासूनच सिद्ध पुरुष आहेत. लोकोपकार हाच त्यांचा योग आहे. त्यानंतर दोन-अडीच शतकांनी संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात मात्र एक निराळाच प्रसंग विस्ताराने येतो. तलावाचे काम चालू असताना अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात. ते सिद्धरामांचा उल्लेख आदराने करीत नाहीत. दगडमातीचे काम करणाऱ्या वड्डराच्या नावाने त्यांना हिणवितात. लोक संतापतात, सिद्धरामही क्षुब्ध होतात. पुढे झालेल्या संवादात अल्लमप्रभू असे दाखवून देतात की, देवळे आणि तळी बांधण्याचे पुण्यकर्म करणाऱ्याच्या ठिकाणी कर्तेपणाचा सूक्ष्म अभिमान शिल्लक राहू शकतो. सिद्धराम ते मान्य करतात, अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला जातात आणि अनुभवमंटपात चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतात. वयाने व लौकिकाने मोठा असलेला पुरुष स्वतःहून शिष्याच्या आसनावर बसतो.

हा प्रसंग ऐतिहासिक सत्य म्हणून स्वीकारावा की सांप्रदायिक रचना म्हणून, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि दोन ग्रंथांमधील काळाचे अंतर पाहता सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु या निबंधाच्या दृष्टीने प्रसंगाची ऐतिहासिकता गौण आहे. महत्त्वाची आहे ती त्यामागील धारणा. लोकांना मार्ग दाखविणाऱ्याची योग्यता त्याच्या कार्याच्या विस्तारावरून ठरत नाही. त्याला स्वतःला पुन्हा शिष्य होता येते की नाही, यावरून ठरते, अशी ही धारणा आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांच्या सीमेवरील समाजात ती शतकानुशतके सांगितली व ऐकली गेली. आधुनिक योगशिक्षकाच्या इतिहासाकडे वळताना ती मापदंड म्हणून उपयोगी पडते.

३. गुप्त विद्या आणि तिचे प्रकटीकरण

हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांत विद्या गुप्त राखावी, गुरूच्या मुखातूनच घ्यावी, असा आग्रह वारंवार आढळतो. पंधराव्या शतकातील स्वात्मारामकृत ‘हठप्रदीपिका’ याला अपवाद नाही. मात्र त्याच ग्रंथात, केवळ वेष धारण केल्याने किंवा चर्चा केल्याने नव्हे, तर क्रियेने म्हणजे प्रत्यक्ष अभ्यासानेच सिद्धी मिळते, असाही सिद्धान्त मांडलेला आहे. आणि अभ्यासाचा अधिकार तरुणाप्रमाणे वृद्धाला आणि दुर्बळालाही दिलेला आहे. म्हणजे गुप्ततेच्या जोडीला अधिकाराच्या विस्ताराचे बीजही परंपरेतच होते.

महाराष्ट्रात या बीजाला फार लवकर अंकुर फुटला. इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, नाथपंथात गुरुशिष्यांपुरती मर्यादित असलेली कुंडलिनीजागृतीची प्रक्रिया श्रोत्यांच्या सभेत, मराठीत, सविस्तर वर्णिलेली आहे. तथापि वर्णन करणे आणि शिकविणे या दोन भिन्न गोष्टी होत. वारकरी संप्रदायाने पुढे नामस्मरणाचा सुलभ मार्ग लोकांपुढे ठेवला, आणि योगाची प्रत्यक्ष प्रक्रिया मठ, आखाडे व विखुरलेले साधू यांच्याकडेच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुशिक्षित मराठी माणसाला योगाविषयी आदर होता, परंतु तो शिकावयाचा असेल तर कोठे जावे, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ज्याला ते शोधावयाचे होते, त्याला घर सोडावे लागे.

४. तालीम, नदीकाठ आणि प्रयोगशाळा

या परिस्थितीत बदल घडवून आणणाऱ्यांत जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झालेले आचार्य, यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारा हा बुद्धिमान विद्यार्थी राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात वाढला. त्यांच्या घडणीचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक टप्प्यावर एकेका निराळ्या संस्थेचा ठसा आहे.

पहिला टप्पा तालमीचा. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न प्रा. माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. माणिकराव हे केवळ मल्ल नव्हते. देशी व्यायामाला संघव्यायामाचे रूप देणारे, त्यासाठी स्वदेशी आज्ञा रूढ करणारे ते संघटक होते. अनेकांनी एकत्र, एका आज्ञेबरहुकूम, क्रमाने व्यायाम करावयाचा, ही जी रचना पुढे योगवर्गात आली, तिचे मूळ येथे आहे. दुसरा टप्पा नदीकाठचा. बडोद्याजवळ नर्मदेच्या तीरावर मालसर येथे परमहंस माधवदास महाराज हे वयोवृद्ध योगी राहत. १९१९ च्या सुमारास गुणे त्यांच्या सान्निध्यात आले. त्या वेळी ते छत्तिशीत होते. अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थेत अध्यापक म्हणून त्यांनी नाव मिळविले होते, आणि पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले. अशा प्रौढ अध्यापकाने पुन्हा शिष्य होणे ही घटना त्यांच्या चरित्राचा मध्यबिंदू मानावी लागते.

तिसरा टप्पा प्रयोगशाळेचा. गुरूंकडून मिळालेल्या प्रक्रियांचा अनुभव आल्यावर या प्रक्रियांनी शरीरात नेमके काय घडते, असा प्रश्न त्यांना पडला. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान बंध व नौली यांची क्ष-किरणांच्या मदतीने तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाह्य हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे पुढे दाबमापकाच्या आधारे दाखविण्यात आले, आणि १९२१ मध्ये निवर्तलेल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्या निर्वात स्थितीला ‘माधवदास निर्वात’ असे नाव देण्यात आले. या नामकरणाकडे विशेष लक्ष देणे इष्ट आहे. जी गोष्ट गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वीकारली होती, ती यंत्राने मोजल्यावर शिष्याने तिच्यावर पुन्हा गुरूचेच नाव कोरले. श्रद्धा आणि पडताळा यांना परस्परविरोधी न मानण्याची कुवलयानंदांची वृत्ती येथे प्रकट होते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधामाची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. या त्रैमासिकाचे विभाग पाहण्यासारखे आहेत : एक शास्त्रीय, एक अर्धशास्त्रीय आणि एक लोकोपयोगी. शास्त्रीय विभागात प्रयोगांची मांडणी असे. लोकोपयोगी विभागात आसनांची कृती छायाचित्रांसह दिलेली असे. एकाच विद्येला एकाच वेळी शास्त्रज्ञ, सुशिक्षित वाचक आणि घरी अभ्यास करणारा सामान्य मनुष्य असे तीन श्रोते कल्पिलेले होते. गुरुमुखातून येणारी विद्या येथे छापील पानावर आली. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीसाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. त्यांच्यात झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. पुढे मुंबईत चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यांच्या स्मरणार्थ आरोग्यकेंद्र निघाले, आणि महानगरातील नोकरदार वर्गाला कामाच्या आधी किंवा नंतर योग शिकण्याची सोय झाली.

येथपर्यंतच्या हकीकतीवरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, गुरूच्या जागी प्रयोगशाळा आली, आणि अनुग्रहाच्या जागी पुरावा. जोसेफ ऑल्टर यांच्या २००४ मधील ग्रंथात कुवलयानंदांच्या प्रयोगांची जी चिकित्सा आहे, तिच्यामुळे या प्रक्रियेचे आकलन पुष्कळ सखोल झाले. मार्क सिंगलटन यांनी २०१० मध्ये असे प्रतिपादिले की, आजच्या आसनप्रधान योगाचे रूप विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आंतरराष्ट्रीय शरीरसंवर्धनाच्या चळवळीने बऱ्याच अंशी घडविले. माणिकरावांच्या व्यायामशाळेचे उदाहरण या मताला पुष्टीच देते. परंतु या विवेचनाने योगवर्गाचे रूप उलगडते, योगशिक्षकाची घडण उलगडत नाही. त्यासाठी एका वेगळ्या प्रसंगाकडे पाहिले पाहिजे.

१९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोव्हूर बेहनन हे मानसशास्त्रज्ञ योगाच्या अभ्यासासाठी लोणावळ्यास आले. त्यांनी तेथे केवळ निरीक्षण केले नाही, तर कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः अभ्यास केला, आणि येलला परतल्यावर स्वतःच्याच श्वसनावर आणि मानसिक क्रियांवर प्रयोग केले. १९३७ मध्ये त्यांचा योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे उदाहरण असे सांगते की, लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतही यंत्राला साधकाची जागा घेता आली नाही. ज्याला योगाविषयी बोलावयाचे आहे, त्याने आधी आसनावर बसले पाहिजे, ही अट शास्त्रज्ञालाही लागू राहिली.

५. औंधचा राजा आणि पुण्याचा तरुण

लोणावळ्याच्या मार्गाहून भिन्न असे आणखी दोन मार्ग याच काळात दिसतात. त्यांपैकी एक औंध संस्थानाचा. या छोट्या संस्थानाचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातील आटपाडीचा भाग आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. ते स्वतः रोज नेमाने नमस्कार घालीत. राजवाड्यातील स्त्रिया व मुलेही घालीत. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. त्यांनी या विषयावर लिहिलेले पुस्तक इंग्रजीतही निघाले, आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांच्या साहाय्याने त्याची नवी आवृत्ती इंग्लंडमधील वाचकांपर्यंत गेली.

सूर्यनमस्काराला योग म्हणावे की व्यायाम, याविषयी त्या काळी एकमत नव्हते. समर्थ रामदासांच्या परंपरेतून आलेला बलोपासनेचा प्रकार म्हणूनच महाराष्ट्र त्याला ओळखीत होता. परंतु शिक्षकाच्या घडणीच्या दृष्टीने औंधचा प्रयोग लक्षणीय आहे. येथे शिकविणाऱ्याचा अधिकार ना परंपरेतून आला होता ना प्रयोगशाळेतून. तो राजाच्या स्वतःच्या नेमातून आला होता. जो नियम प्रजेच्या मुलांना लावावयाचा, तो राजा आधी स्वतःला लावीत असे. मात्र याच प्रयोगाने एक मर्यादाही उघड केली. शाळेत नमस्कार आज्ञेने घालता येतात. त्यामागील निष्ठा आज्ञेने उत्पन्न होत नाही. शाळेच्या वेळापत्रकात बसलेला योग कवायतीकडे झुकतो, हा पुढे सर्वत्र आलेला अनुभव प्रथम अशाच ठिकाणी आला असणार.

दुसरा मार्ग पुण्याचा. १९३७ साली बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे अठरा वर्षांचे तरुण डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून पुण्यास आले. म्हैसूरचे टी. कृष्णम्माचार्य हे त्यांचे गुरू आणि मेहुणे. बेळगावात शल्यचिकित्सक असताना ज्यांनी अय्यंगारांची प्रात्यक्षिके पाहिली होती, त्या डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या पुढाकारामुळे हे निमंत्रण मिळाले. करार सहा महिन्यांचा होता. अय्यंगारांना मराठी येत नव्हते. शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. बालपणी हिवताप, विषमज्वर व क्षय यांनी शरीर जर्जर झाले होते. समोर बसणारे विद्यार्थी मात्र वयाने मोठे, महाविद्यालयात शिकलेले आणि शरीराने बळकट होते.

कुवलयानंद आणि अय्यंगार यांच्या घडणीत येथे मूलभूत भेद आहे. कुवलयानंद प्रथम साधक झाले व नंतर शिक्षक. अय्यंगारांवर शिक्षकपण आधी येऊन पडले, आणि त्याच्या निकडीतून साधना वाढली. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी जे स्वतःला पुरते ठाऊक नव्हते ते शोधणे त्यांना भाग पडले, आणि ते शोधण्याचे साधन स्वतःच्या शरीराखेरीज दुसरे नव्हते. कराराची मुदत संपल्यावरची वर्षे दारिद्र्यात गेली. अनेक तासांचा रोजचा अभ्यास मात्र सुटला नाही. १९४३ मध्ये रमामणी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सांभाळून, घरोघरी जाऊन शिकविणारा हा शिक्षक दंडधारी योग्याच्या लोकप्रतिमेहून सर्वस्वी निराळा होता. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची भेट झाल्यावर त्यांची कीर्ती युरोपात पोहोचली. १९६६ मध्ये आसन-प्राणायामावरील त्यांचा विख्यात इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये दिवंगत पत्नीच्या नावाने पुण्यात संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य पुण्यातच होते.

या काळातील आणखी एका बदलाची नोंद आवश्यक आहे. माधवदास महाराजांचेच दुसरे शिष्य श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वेसावे येथे योगसंस्था काढली. ते गृहस्थाश्रमी होते, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी लिहिलेले योगविषयक पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. मठ आणि आखाडे यांच्या परंपरेत शिकविणाऱ्या स्त्रीला क्वचितच स्थान होते. योग घरात आणि वर्गात आला, तेव्हाच योगशिक्षिकेला जागा मिळाली. आज शहरांतील योगवर्गांत शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रियांचे जे प्रमाण दिसते, त्याची पूर्वपीठिका या पुस्तकासारख्या प्रयत्नांत आहे.

६. महाविद्यालय आणि प्रमाणपत्र

१९३० नंतर मुंबई इलाख्यात शारीरिक शिक्षणाच्या पुनर्रचनेचा विचार सुरू झाला, आणि सरकारी समित्या व मंडळे यांत कुवलयानंदांना मानाचे स्थान मिळाले. शाळाशाळांतून यौगिक व्यायाम शिकवावयाचा, तर शिक्षक किती व कोठून आणावयाचे, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे उभा राहिला. एका गुरूने आयुष्यात चार-दोन शिष्य तयार करण्याच्या पद्धतीने त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते. १९५०-५१ मध्ये कैवल्यधामात गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाने योग व सांस्कृतिक समन्वयाचे महाविद्यालय निघाले, ते या गरजेचे फलित होय. योगशिक्षणाला वाहिलेल्या देशातील आद्य महाविद्यालयांत त्याची गणना होते.

या महाविद्यालयाची रचना सूक्ष्मपणे पाहिली, तर संस्थापकाला धोक्याची पूर्ण जाणीव होती, असे दिसते. प्रयोगशाळा, रुग्णचिकित्सा, ग्रंथसंशोधन आणि आश्रमीय दिनचर्या ही सर्व अंगे एकाच आवारात ठेवली गेली. विद्यार्थी शरीररचनाशास्त्र शिके, ‘हठप्रदीपिके’सारख्या ग्रंथांचा अभ्यास करी, परंतु तो राहत असे साधकांच्या सान्निध्यात, आणि त्याची पहाट अभ्यासाने सुरू होई. प्रमाणपत्र ज्याची परीक्षा घेऊ शकते ते ज्ञान, आणि ज्याची परीक्षा घेऊ शकत नाही ती साधना, या दोहोंना एकाच छपराखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, १९७० मध्ये, स्वामी दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली ‘हठप्रदीपिके’ची आवृत्ती कैवल्यधामाने प्रसिद्ध केली. आश्रम, प्रयोग आणि ग्रंथ यांची सांगड संस्थापकाच्या पश्चातही टिकली, याचे ते द्योतक आहे.

जेथे ही सांगड नव्हती, तेथे काय घडले, याचे उदाहरण परदेशातून घेता येते. १९६९-७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षणखात्याने प्रौढशिक्षणाच्या वर्गांत अय्यंगारांच्या पद्धतीच्या योगाला मान्यता दिली. परंतु शिक्षण आसन-प्राणायामापुरते मर्यादित राहावे, तत्त्वज्ञानाची चर्चा वर्गात होऊ नये, अशी अट घातली. सरकारी पैशाने चालणाऱ्या वर्गात कोणत्याही पंथाचा प्रचार नको, ही भूमिका त्या देशाच्या दृष्टीने समजण्यासारखी होती. तथापि राज्यसंस्था जेव्हा योगाला मान्यता देते, तेव्हा जे मोजता येते आणि ज्यावर वाद होत नाही तेवढेच स्वीकारते, हे त्यातून स्पष्ट झाले. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केला. १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. २०१५ मध्ये भारतात योगशिक्षकांच्या प्रमाणीकरणाची योजना सुरू झाली. २०१७ पासून विद्यापीठीय अध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत योग हा विषय समाविष्ट झाला. माधवदास महाराजांच्या शिष्याने नर्मदाकाठाहून आणलेली विद्या शंभर वर्षांच्या आत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत आली.

या स्थित्यंतराकडे केवळ खेदाने पाहणे अनैतिहासिक ठरेल. गुप्ततेच्या काळात भोंदू आणि साधक यांत निवड करण्याचे कोणतेही साधन सामान्य माणसापाशी नव्हते. प्रमाणपत्राने ते काही प्रमाणात दिले. पाठीचा विकार किंवा रक्तदाब असलेल्याला कोणते आसन देऊ नये, हे जाणणारा शिक्षक समाजाला हवाच होता. जात, लिंग आणि संप्रदाय यांची बंधने वर्गाने सैल केली, ती मठांनी आपण होऊन केली असती, असे मानण्यास आधार नाही. परंतु प्रमाणपत्राला एक दिनांक असतो, आणि त्या दिनांकानंतर धारक अभ्यास करतो की नाही, हे ते सांगू शकत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, महाराष्ट्रातील योगशिक्षक ही संस्था एका उगमातून निर्माण झालेली नाही. बडोद्याच्या तालमीने तिला संघरचना दिली, मालसरच्या योग्याने प्रक्रिया दिली, लोणावळ्याच्या प्रयोगशाळेने परिभाषा दिली, औंधने शाळेचे द्वार उघडले आणि पुण्याने गृहस्थ शिक्षकाचा आदर्श उभा केला. दुसरी ही की, अधिकाराचे स्रोत बदलत गेले, तरी या संस्थेच्या आद्य पुरुषांत एक समान लक्षण आढळते. छत्तिसाव्या वर्षी नर्मदाकाठी जाणारे प्राध्यापक असोत, प्रजेला सांगण्यापूर्वी स्वतः नमस्कार घालणारा राजा असो, किंवा विद्यार्थ्यांच्या प्रश्नांपोटी स्वतःचा अभ्यास वाढविणारा अठरा वर्षांचा तरुण असो, त्यांच्यापैकी कोणीही शिकविण्याचा अधिकार एकदाच मिळवून ठेवण्याची वस्तू मानली नाही. व्यक्तिमत्त्वाचा जो विकास त्यांच्या चरित्रांत दिसतो, तो शिक्षकपद मिळाल्यामुळे झालेला नाही. शिक्षकपद मिळाल्यावरही साधकपण न सोडल्यामुळे झालेला आहे.

तिसरी गोष्ट सोलापूरशी संबंधित आहे. राघवांकाच्या काव्यात सिद्धराम प्रारंभापासूनच सिद्ध आहेत. ‘शून्यसंपादने’त ते कीर्तीच्या शिखरावर असताना शिष्य होतात. विसाव्या शतकातील योगशिक्षकांची चरित्रे दुसऱ्या कथेच्या जवळची आहेत. पदवी, नेमणूक आणि परीक्षा यांच्या साहाय्याने शिक्षक तयार करणाऱ्या आजच्या विद्यापीठांना या कथेत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. योगाच्या अभ्यासक्रमात प्रवेश कसा द्यावा आणि गुण कसे द्यावेत, हे नियमांनी ठरविता येईल. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या शिक्षकाचा अभ्यास दहा वर्षांनीही चालू राहावा, यासाठी संस्थेने काय करावे, हा प्रश्न कुवलयानंदांनी आश्रम आणि महाविद्यालय एकत्र ठेवून सोडविण्याचा यत्न केला. आश्रमाविना जी महाविद्यालये आज योग शिकवितात, त्यांना तो आपल्या परिस्थितीत नव्याने सोडवावा लागेल.